मर्सेन मूळ संख्यांचे गुणधर्म आणि अदृश्य कुलूप

प्रस्तावना
अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूर हे गाव घरांना दारे व कुलपे न लावण्याच्या परंपरेसाठी प्रसिद्ध आहे. २०११ साली युको बँकेने तेथे सुरू केलेली शाखा ‘कुलूप नसलेली बँक’ म्हणून गाजली. तथापि, संगणकीय बँकव्यवहाराला कुलूप लागतेच. ते केवळ डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या घडणीत मूळ संख्यांचा वाटा मोठा आहे. यावरून मूळ संख्या जितकी मोठी तितके कुलूप भक्कम, असा समज रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे.

स्वरूप व गुणधर्म
२ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही संख्या मूळ असल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट यांनी शोधले. ४,१०,२४,३२० अंकांची ही संख्या तोवर ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होय. २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. येथे घातांक मूळ असणे आवश्यक आहे, परंतु पुरेसे नाही. उदाहरणार्थ, घातांक ११ घेतल्यास २०४७ ही संख्या मिळते. ती २३ व ८९ यांचा गुणाकार आहे. या दोन्ही अवयवांना घातांकाच्या दुपटीने, म्हणजे २२ ने, भागल्यास बाकी १ उरते. विषम मूळ घातांकाच्या बाबतीत हा नियम सर्वत्र लागू पडतो. द्विमान पद्धतीत मर्सेन संख्येचे सर्व अंक १ असतात. तसेच प्रत्येक मर्सेन मूळ संख्येपासून ६, २८ यांसारखी एक परिपूर्ण संख्या मिळते.

परीक्षण
ल्युका-लेहमर कसोटीत ४ पासून आरंभ करून दर वेळी वर्ग करावयाचा, २ वजा करावयाचे व मर्सेन संख्येने भागून बाकी घ्यावयाची. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य आल्यास संख्या मूळ ठरते. ३१ साठी घातांक ५ असल्याने ४ नंतर १४, ८ व ० अशा तीन पायऱ्या होतात. सर्वसाधारण संख्येसाठीही मूळत्व वाजवी वेळेत ठरविता येते, हे कानपूरच्या आयआयटीतील अग्रवाल, कयाल व सक्सेना यांनी २००२ मध्ये सिद्ध केले.

कुलपाचे मर्म
१९७७ च्या आरएसए पद्धतीत दोन मूळ संख्यांचा गुणाकार उघड ठेवतात. त्या दोन संख्या मात्र गुप्त राहतात. प्रचलित २०४८ बिटांच्या कुलपासाठी सुमारे ३०० अंकी मूळ संख्या पुरतात. अशा गुणाकाराचे अवयव वाजवी वेळेत शोधण्याची रीत नेहमीच्या संगणकांसाठी ज्ञात नाही. उलट, विक्रमी मर्सेन संख्या सर्वांना ठाऊक असल्याने कुलपासाठी निरुपयोगी ठरते.

निष्कर्ष
मूळत्व ओळखणे सोपे, पण अवयव शोधणे कठीण, या विषमतेवर हे कुलूप उभे आहे. केवळ संख्येच्या आकारावर नव्हे, तर यादृच्छिक निवडीवर व गुप्ततेवर त्याची सुरक्षितता अवलंबून असते. वर्गात हा विषय शिकविताना हा भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे.