आजीचा आवाज, सेकंडहँड!

कपाट आवरताना चपलांच्या खोक्यात पाच मिनी डीव्ही टेप सापडल्या. एकीवर बाबांच्या अक्षरात, 'आई, दिवाळी २००३'. आजीचा फोटो भिंतीवर आहे, पण आवाज? तो या काडेपेटीपेक्षा जराशा मोठ्या डबीत अडकलेला!

आता वाजवायचा कशावर? घरचा कॅमेरा केव्हाच भंगारात गेला. टेप परक्याच्या हातात द्यायला जीव होईना. म्हटलं, सेकंडहँड कॅमकॉर्डर घ्यावा, काम झालं की विकून टाकावा.

पहिलाच कॅमेरा दिसायला एकदम चकाचक. टेप आत घातली, प्ले केलं आणि... कर्रर्र! पठ्ठ्याने टेप गिळली. नशीब, ती टाकाऊ होती. म्हणून मंडळी, टेस्टिंगला जपायची टेप कधीच नेऊ नका. टाकाऊ टेप न्या. प्ले, रिवाइंड, इजेक्ट सगळं करून बघा, आवाज ऐका. पडद्यावर चौकोन चौकोन दिसले, तर हेड बहुधा मळलंय. चार्जर मागायला विसरू नका.

दुसरा कॅमेरा साधाच, पण गुणी निघाला. यूएसबी बघून मी खूश. पण अशा बऱ्याच कॅमेऱ्यांत ते फोटोंपुरतंच. टेपवरचं अस्सल चित्र उतरतं फायरवायरने. त्याच्या पोर्टवर 'डीव्ही' लिहिलेलं असतं, सोनीवर 'आय-लिंक'. आजच्या लॅपटॉपला हे पोर्ट नसतं, आणि अ‍ॅपलने तर २०२५च्या मॅकओएस टाहोमधून फायरवायरचा सपोर्टच काढला. शेवटी मित्राचा जुना डेस्कटॉप आणि त्यात एक फायरवायर कार्ड, असं जुळलं.

टेपवर चुकून रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून तिची खिट्टी 'सेव्ह'कडे सरकवली. इथे शॉर्टकट नाही हं! तासाची टेप उतरायला तासच लागतो, आणि तासाला साधारण १३ जीबी जागा. पाच टेपमध्ये अख्खा रविवार गेला.

आणि तिसऱ्या टेपवर आजी कडाडली, "अरे, ते यंत्र ठेव बाजूला आणि चकल्या पाडायला बस!"

बाबा मागे उभे होते. म्हणाले, "पुन्हा लाव."

कॅमेरा अजून विकलेला नाही. ऑफिसात विषय काढला, तर प्रत्येकाच्या घरी एक खोकं निघालं. सध्या तो तिसऱ्या घरी मुक्कामाला आहे. तुमचं खोकं कुठंय? टेपा टिकतीलही, त्या वाजवणारी यंत्रं मात्र भराभर संपताहेत.