डेप्युटीने राजीनामा दिला आणि प्रमुखाचीही खुर्ची गेली, असं कुठे होतं?

जानेवारी 2017 मध्ये उत्तर आयर्लंडचे डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि फर्स्ट मिनिस्टर अर्लिन फॉस्टर यांचंही पद गेलं. याची आपल्याकडच्या उपमुख्यमंत्र्यांशी तुलना नको. तिथे दोघांचे अधिकार अगदी समान असतात.

हा नियम आला 1998 च्या गुड फ्रायडे करारानंतर. ब्रिटनमध्येच राहू म्हणणारे युनियनिस्ट आणि आयर्लंडशी एक होऊ म्हणणारे नॅशनलिस्ट यांच्या तीस वर्षांच्या संघर्षात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली होती. म्हणून सत्ता दोघांनी मिळूनच चालवायची, असं ठरलं. सार्वमतात 71 टक्के लोक हो म्हणाले. कट्टर युनियनिस्ट नेते इयान पेस्ली मात्र विरोधात होते. हेच पेस्ली 2007 मध्ये फर्स्ट मिनिस्टर झाले, तेही एकेकाळचे आयआरए कमांडर मॅकगिनेस यांच्या जोडीने! दोघे एकत्र इतके हसताना दिसायचे की त्यांना 'चकल ब्रदर्स' म्हणू लागले.

पण जो नियम एकत्र बसवतो, तोच एका पक्षाला सरकार पाडूही देतो. 2017 नंतर तीन वर्षं आणि 2022 नंतर दोन वर्षं सरकारच नव्हतं. मोठे निर्णय तसेच पडून राहिले.

फेब्रुवारी 2024 मध्ये मिशेल ओनील पहिल्या नॅशनलिस्ट फर्स्ट मिनिस्टर झाल्या आणि पेस्लींच्या पक्षाच्या एमा लिटल-पेंगली डेप्युटी. नियम तोच: एकीने राजीनामा दिला की दोघी बाहेर.