उद्याचा गॅस, आजचं गणित

वडोदऱ्याजवळचं नंदेसरी म्हणजे रासायनिक कारखान्यांची वसाहत. अशा ठिकाणी गॅसची मागणी एकसारखी राहत नाही. बॅच लागली की बॉयलर पेटतो, देखभालीचा शटडाऊन आला की मागणी धाडकन खाली. पण मोठ्या पाइपलाइनमधून गॅस नेणाऱ्यांना उद्याचा आकडा आजच कळवावा लागतो. त्याला 'नॉमिनेशन' म्हणतात. आकडा फार चुकला तर भुर्दंड!

🔹 पाइपलाइनचा हिशोब सरळ रेषेतला नाही. प्रवाह ठरतो दोन टोकांच्या दाबांच्या वर्गांमधल्या फरकाच्या वर्गमुळावर. समजा, दाब ५० आणि ४० बार आहे: २५०० − १६०० = ९००, वर्गमूळ ३०. आता ५० चे ६० बार करा: वर्गमूळ जवळपास ४५. दाब २० टक्के वाढला, प्रवाह दीडपट!

🔹 मग कायम दाब चढाच ठेवायचा? कॉम्प्रेसरलाही इंधन लागतं, आणि पाइपची मर्यादा असतेच. नळीत साठलेला गॅस, म्हणजे 'लाइनपॅक', काही तास सांभाळून घेतो.

🔹 पण उद्याची मागणी नक्की माहीत नसताना आकडा आजच ठरवायचा कसा? इथे 'अनिश्चिततेतलं इष्टतमीकरण' कामी येतं. जॉर्ज डँट्झिग यांनी १९५५ मध्ये मार्ग दाखवला: आज एक निर्णय, उद्या मागणी कळल्यावर दुरुस्ती, आणि दोन्हींचा सरासरी खर्च कमीत कमी. १९५९ मध्ये चार्न्स आणि कूपर यांनी अट सैल केली: दाब ९५ टक्के वेळा मर्यादेत राहिला तरी चालेल, अशा धर्तीची.

उरलेल्या पाच टक्क्यांत कोणाचा गॅस आधी कमी करायचा? ते मात्र माणसांनाच ठरवावं लागतं. प्लांटमध्ये काम करणाऱ्यांनो, तुमच्याकडे उद्याचा आकडा कसा काढतात?