व्यवस्थापनशास्त्रातील डॉक्टरेट आणि प्राध्यापकीची वाट

वाणिज्य शाखेची पदवी, त्यानंतर एम.बी.ए. आणि मग एखाद्या कारखान्यात किंवा बँकेत नोकरी, हा मार्ग बडोद्यातील मराठी घरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्या मार्गावरून आठ-दहा वर्षे चालल्यावर काहींना अध्यापनाची ओढ लागते आणि ‘आता पीएच.डी. करावी काय?’ असा प्रश्न ते आपल्या जुन्या गुरुजनांना विचारू लागतात. या प्रश्नात उमेदीची चार-सहा वर्षे आणि घरची मिळकत पणाला लागलेली असते. म्हणून त्याचे उत्तर भावनेच्या भरात देऊ नये.

पीएच.डी. ही एम.बी.ए.ची पुढची इयत्ता नव्हे, हे प्रथम ध्यानी घ्यावयास हवे. एम.बी.ए.मध्ये सिद्ध झालेले ज्ञान व्यवहारात कसे वापरावे हे शिकवितात, पीएच.डी.मध्ये त्या ज्ञानात स्वतःची भर घालावी लागते. अशी भर बहुधा एखाद्या साध्या प्रश्नातून पडते. बाजारपेठ सारे व्यवहार जुळवून आणत असेल, तर कंपन्या मुळात निर्माणच का होतात, असा प्रश्न रोनाल्ड कोझ यांनी १९३७ साली विचारला. बाजारात व्यवहार करण्यालाही खर्च येतो, हे त्यांचे उत्तर. त्यांना १९९१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हर्बर्ट सायमन यांच्या १९४३ च्या प्रबंधाने प्रशासनात निर्णय कसे घेतले जातात याचा वेध घेतला. त्यातून १९४७ साली ग्रंथ सिद्ध झाला आणि १९७८ साली तेही नोबेलचे मानकरी ठरले.

व्यवस्थापन हा विषय मात्र विद्यापीठांत तुलनेने उशिरा प्रतिष्ठा पावला. अमेरिकेतील व्यवसाय-शिक्षणाला संशोधनाचे अधिष्ठान नाही, अशी टीका गॉर्डन आणि हॉवेल यांच्या १९५९ च्या अहवालाने केली आणि तेथील संस्थांत संशोधनाला जोर चढला. आपल्याकडे कलकत्ता व अहमदाबाद येथील व्यवस्थापन संस्था १९६१ साली निघाल्या. तेथील संशोधकांना दीर्घकाळ ‘फेलो’ ही उपाधी मिळत असे. २०१७ च्या कायद्यानंतर या संस्थांना पीएच.डी. पदवी देण्याचा अधिकार प्राप्त झाला.

बडोद्याला या विषयात एक निकटचे उदाहरण आहे. महाराजा सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीची मुदत सरल्याने १९१७ साली लंडनचे शिक्षण अपुरे ठेवून त्यांना परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्यतेमुळे त्यांना राहावयास जागादेखील मिळू शकली नाही, हेही या नगरीने विसरू नये. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक झाले. वेतनातून पैसे साठवून आणि स्नेह्यांचे साहाय्य घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल १९२३ साली त्यांनी डी.एस्सी. ही पदवी संपादन केली.

आता नियमांकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी.ची मुदत किमान तीन व सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे आहे. प्रारंभी १२ ते १६ श्रेयांकांचा पाठ्यक्रम पूर्ण करावा लागतो. त्यानंतर संशोधन, प्रबंधलेखन, बाहेरील परीक्षकांकडून मूल्यमापन आणि शेवटी मौखिक परीक्षा. नोकरी करणाऱ्यांना, मालकाचे ना-हरकत पत्र असल्यास, अर्धवेळ संशोधनाची सोयही आहे. ‘नेट’ परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्यास जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये लागू झाले. ही रक्कम अनुभवी व्यवस्थापकाच्या वेतनाच्या तुलनेत अल्प आहे, हे घरच्या मंडळींना आधीच सांगून ठेवलेले बरे.

पदवीनंतरची वाट काय? सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. आयोगाच्या नियमांप्रमाणे सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक या पदांसाठी पीएच.डी. आवश्यक आहे. परंतु कायम जागा थोड्या असतात आणि अनेकांना काही वर्षे तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटी नेमणुकीवर काढावी लागतात. डी.बी.ए. ही पदवी मुख्यतः अनुभवी व्यवस्थापकांसाठी असते. अध्यापनाचा हेतू असेल, तर ती प्राध्यापकपदासाठी ग्राह्य धरली जाते की नाही, याची खात्री प्रवेशापूर्वीच करून घ्यावी.

मार्गदर्शकाची निवड ही संस्थेच्या नावाइतकीच, किंबहुना अधिक महत्त्वाची. २०२२ च्या विनियमांनी प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व सहायक प्राध्यापकास चार विद्यार्थ्यांची मर्यादा घातली आहे. आपले नियोजित मार्गदर्शक किती विद्यार्थ्यांत वाटले गेले आहेत, त्यांच्या पूर्वीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, हे नि:संकोच विचारावे. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणाऱ्यांपासून मात्र चार हात दूर राहावे; उसन्या प्रबंधावर मिळविलेले पद केव्हाही जाऊ शकते.

नावामागे ‘डॉक्टर’ लावण्याची हौस हे कारण पाच वर्षे पुरत नाही. आपल्या कारखान्यात, पेढीवर किंवा सहकारी पतसंस्थेत रोज पाहिलेली एखादी गोष्ट ‘असे का होते?’ म्हणून मनाला सतत टोचत असेल, तर ती दोन पानांत लिहून काढावी आणि एखाद्या जाणत्या प्राध्यापकास दाखवावी. तो प्रश्न त्यांच्या उलटतपासणीत टिकला, तरच प्रवेशाचा अर्ज भरावा.