कुंपणच शेत खाऊ लागले तर?



कुंपण आपण पीक राखण्यासाठी घालतो. गावगाड्याचे कुंपण म्हणजे कायदा, पोलीस आणि न्यायालय. पण सरकारच हे काम गावातल्या पोरांच्या हाती बंदूक देऊन उरकू लागले, तर काय होते? आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या बस्तर भागातली हकीकत ऐका.

तिथे माओवाद्यांचा जाच होता, हे खरेच. त्यांच्याविरुद्ध 2005 साली 'सलवा जुडूम' नावाची मोहीम उभी राहिली. राज्य सरकारने तिला पाठबळ दिले. जेमतेम पाचवी शिकलेल्या आदिवासी तरुणांनाही 'विशेष पोलीस अधिकारी' नेमले, बंदुका दिल्या. 2011 साली त्यांचे मानधन होते महिना 3000 रुपये.

टोळ्या गावोगाव फिरल्या. जो आमच्याबरोबर नाही तो नक्षलवाद्यांचा, असा हिशेब झाला. घरे जळली. हजारो माणसे रस्त्याकडेच्या छावण्यांत आली. कित्येक रानात, तर कित्येक आंध्रात पळाली. मागे जमिनी पडीक राहिल्या. आणि ज्यांना बंदुका दिल्या, ती पोरे तरी वाचली का? 2007 च्या मार्चमध्ये राणीबोदली येथील तळावर माओवाद्यांनी हल्ला केला. 55 जण मेले. त्यांत बहुतेक हीच पोरे होती.

तुम्ही म्हणाल, चोराला चोप दिला तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. पोलिसाने कोणाला धरले तर 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. टोळीला जाब कोण विचारणार? बांधाच्या भांडणाचा सूडही मग देशसेवेच्या नावाखाली उगवता येतो. आज शेजाऱ्याची पाळी, उद्या आपली.

म्हणूनच 5 जुलै 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. या तरुणांना माओवाद्यांविरुद्ध वापरणे थांबवा, बंदुका परत घ्या, असे बजावले. ही पद्धत घटनेतील समानतेच्या आणि जीविताच्या हक्काविरुद्ध ठरली.

मग गावाने राखण करूच नये का? जरूर करावी. ग्रामसुरक्षा दलाने गस्त घालावी, शिटी वाजवावी, पोलीस पाटलाला उठवावे. डोळ्यांदेखत दरोड्यासारखा गंभीर गुन्हा झाला तर गुन्हेगाराला धरण्याची मुभा कायद्याने तुम्हालाही दिली आहे. मात्र आजच्या कायद्याप्रमाणे सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. त्याला मारण्याचा हक्क कोणालाच नाही.

उद्या कोणी पुढारी वा अधिकारी गावात येऊन म्हणाला, "तुम्हीच निकाल लावा, आम्ही पाठीशी आहोत", तर ग्रामसभेत उभे राहून विचारा, "साहेब, हे लेखी द्याल का? आणि उद्या खटला झाला तर आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभे राहणार?"