मोत्याला जर्मनीला न्यायचंय

गणपतीपुळ्यात आमच्या शेजारची मुलगी नोकरीसाठी जर्मनीला निघाली. अंगणातला मोत्या सोबत न्यायचा, हे तिचं ठरलेलं होतं. गावठी कुत्रा आहे, त्याला तिकडे घेतील का, एवढीच तिला शंका. जातीची अडचण नव्हतीच. अडचण होती दिवसांची. तिचं तिकीट महिनाभरावर होतं आणि मोत्याच्या कागदांना किमान चार महिने लागणार होते.

परदेशी कागद रत्नागिरीला नवे नाहीत. मे 2014 मध्ये फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने आपला हापूस अडवला, बंदी उठली ती 2015 च्या सुरुवातीला. कीड आपल्या मुलखात नको म्हणून आंब्याच्या पेटीला दाखला लागतो, तसाच तो कुत्र्यालाही लागतो. इथे भीती रेबीजची. भारतात हा रोग अजून माणसं मारतो, त्यामुळे युरोपच्या सवलतीच्या यादीत आपण नाही. शेजारचा गोवा 2021 मध्ये रेबीज-नियंत्रित जाहीर झाला खरा, पण ही यादी देशवार असते. पणजीच्या कुत्र्यालाही पुळ्याच्या कुत्र्याइतकेच कागद लागतात.

सगळं गणित क्रमाचं आहे. आधी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप, पंधरा आकडी क्रमांकाची. मग रेबीजची लस. चिपच्या आधी दिलेली लस मोजत नाहीत, कारण ती याच कुत्र्याला दिली याचा पुरावा नसतो. मोत्याला दरवर्षी 28 सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनी शिबिरात लस मिळत होती, पुस्तिकाही जपून ठेवलेली. त्या सगळ्या लशी कागदावर शून्य ठरल्या, याचं मला फार वाईट वाटलं.

लशीनंतर किमान तीस दिवसांनी पशुवैद्य रक्त घेतात. ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच तपासावं लागतं आणि प्रतिपिंडांची पातळी प्रति मिलिलिटर किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक भरावी लागते. यालाच सगळे टायटर टेस्ट म्हणतात. पातळी भरली तरी रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. लस लागू पडली, एवढंच ही तपासणी सांगते. लशीच्या आधीच विषाणू अंगात शिरला असेल तर ते तिच्यातून कळत नाही. रेबीज कित्येक आठवडे दबून राहतो, म्हणून हे थांबणं. मला हा नियम जाचक वाटत नाही. पिसाळलेलं कुत्रं ज्याने एकदा पाहिलंय, त्यालाही वाटणार नाही. आणि पुढच्या लशी वेळेवर दिल्या तर ही तपासणी पुन्हा करावी लागत नाही.

शेवटी प्रवासाच्या तोंडावर आरोग्य दाखला. त्यावर सरकारी पशुवैद्याचा शिक्का हवा. केंद्र सरकारच्या प्राणी क्वारंटाइन विभागाचं केंद्र मुंबईत आहे, म्हणजे रत्नागिरीकराला कुत्र्यासह तिथे जाणं आलं. दाखल्यापासून दहा दिवसांत युरोपात पोचायचं असतं. गाडीची आणि विमानाची तारीख या दहा दिवसांत बसवा.

देश बदलला की कागद बदलतात. अमेरिकेने ऑगस्ट 2024 पासून नियम कडक केले: कुत्रा सहा महिन्यांहून मोठा हवा, आणि भारतासारख्या देशात लस घेतलेल्या कुत्र्याचा टायटर अहवाल नसेल तर तिथे अठ्ठावीस दिवस क्वारंटाइन. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रा घेतच नाही.

उलट्या वाटेलाही परवानगी लागते. कायमचं भारतात परत येणाऱ्यांनी कुत्रा आणण्याआधी आपल्या प्राणी क्वारंटाइन विभागाचं ना-हरकत पत्र घ्यायचं असतं. 2022 मध्ये युद्धामुळे युक्रेनमधून आपली मुलं कुत्र्या-मांजरांसह निघाली, तेव्हा सरकारने हे नियम तात्पुरते सैल केले. तो मायेचा निर्णय होता, पण तसा प्रसंग कुणावर न येवो.

मुलगी गेली, मोत्या आजीकडे राहिला. आता त्याला चिप बसली, नवी लस झाली, रक्त तपासणीला गेलंय. तुमच्या घरातून कुणी परदेशी जाणार असेल आणि दारात कुत्रा असेल, तर व्हिसाचा अर्ज भरण्याआधी त्याला चिप बसवून घ्या.