घरचा कॉम्प्रेसर : हवा भरा, पण पाणी काढायला विसरू नका

मिक्सर बिघडला की घरात लगेच बोभाटा होतो. चटणी अडते, इडलीचे पीठ अडते. एअर कॉम्प्रेसरचे तसे नसते. गॅरेजच्या कोपऱ्यात किंवा जिन्याखाली तो महिनोन् महिने पडून असतो. मोटारीच्या चाकात हवा भरायची असली, जुन्या कपाटाला रंग मारायचा असला, शिलाई मशीनमधली धूळ उडवायची असली की त्याची आठवण होते. बटण दाबले, काम झाले, पुन्हा कोपऱ्यात. मधल्या काळात त्याच्या पोटात काय चालले आहे, याकडे मात्र कोणाचे लक्ष नसते.

नोकरीनिमित्त बेंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ‘गाळी’ हा शब्द लवकरच ओळखीचा होतो. कन्नडमध्ये गाळी म्हणजे हवा, वारा. तेव्हा चाकात ‘गाळी’ घालू का, असे कोणी विचारले तर दचकू नये! पण हीच गाळी घरी भरायची असेल, तर यंत्राची थोडी ओळख हवी.

मराठी माणसाचे या विषयाशी जुने नाते आहे. १८८८ साली डनलॉप यांनी आयर्लंडमध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांच्याच उद्योगपरिवारातून १९४६ मध्ये बेंगळुरूत विजेच्या मोटारी बनवणारी किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि १९५८ मध्ये पुण्यात कॉम्प्रेसर बनवणारी किर्लोस्कर न्यूमॅटिक उभी राहिली. घरगुती कॉम्प्रेसरमध्ये तरी दुसरे काय असते? एक विजेची मोटार, तिच्यावर चालणारा दट्ट्या आणि खाली हवेची टाकी.

टाकीत पाणी येते कुठून?

गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून दव धरते, हे आपण रोज पाहतो. हवेत बाष्प असते, तेच थंड जागी पाणी होऊन बसते. कॉम्प्रेसर बाहेरची पुष्कळ हवा थोड्या जागेत कोंबतो. हवा दाबली जाते, पण तिच्यातल्या बाष्पाला तेवढी जागा उरत नाही. टाकी निवली की ते बाष्प पाणी होऊन तळाशी उतरते.

२४ लिटरची टाकी ८ बार दाबापर्यंत भरायला बाहेरची सुमारे २०० लिटर हवा लागते. पावसाळ्यातल्या दमट दिवशी, २५ अंश तापमानाला, एवढ्या हवेत साधारण साडेतीन ग्रॅम बाष्प असते. टाकीतल्या जागेत त्यातले जेमतेम अर्धा ग्रॅम बाष्परूपात राहू शकते. उरलेले तीन ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा चमचा पाणी, एका भरणीत जमते. दिवसभर रंगकाम केले तर अशा दहा-पंधरा भरण्या सहज होतात.

हे पाणी रंगाच्या फवाऱ्यात आले तर रंगावर फोड येतात, हे नुकसान दिसते तरी. न दिसणारे नुकसान म्हणजे गंज. बाहेरून टाकीचा रंग नव्यासारखा चकाकत असतो आणि आतून तळाचा पत्रा झिजत असतो. ८ बार दाब म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे ८ किलोचा जोर. २५ सेंटीमीटर व्यासाच्या टाकीच्या एका टोकावर हा जोर जवळजवळ ४ टन भरतो, म्हणजे चार लहान मोटारींच्या वजनाइतका. झिजलेला पत्रा अशा वेळी फाटला तर तो बॉम्बसारखा फुटतो.

म्हणून पहिला नियम : काम संपल्यावर प्लग काढा, दाब एक बारपर्यंत उतरू द्या, मग तोंड बाजूला ठेवून टाकीच्या तळाचा ड्रेन कॉक हळूच उघडा. यंत्र थोडे कलते करून सगळे पाणी जाऊ द्या आणि कॉक उघडाच ठेवा. पाणी लालसर, तपकिरी येऊ लागले तर टाकी आतून गंजली आहे असे समजा आणि जाणकाराला दाखवेपर्यंत ती भरू नका.

आजार ओळखा, मग औषध द्या

मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही : आधी वायर पाहा. लांब आणि बारीक एक्स्टेन्शन वायरमधून मोटारीला पुरेसा दाब मिळत नाही. यंत्र थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. हवेची नळी लांब घ्या, विजेची नको. तरीही फिरत नसेल तर कपॅसिटर गेलेला असू शकतो. तो फुगलेला दिसतो. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते, त्यामुळे हे काम इलेक्ट्रिशियनचेच.

मोटार चालते, पण दाब चढत नाही : ड्रेन कॉक उघडा राहिला आहे का पाहा. पुष्कळदा दोष तेवढाच असतो! नंतर हवा आत घेणारा फिल्टर काढून झटका. धुळीने तो बुजतो. मग सांध्यांना साबणाचे पाणी लावा. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. सांधा सोडवण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करा, चुडीवर टेफ्लॉन टेप गुंडाळा आणि पुन्हा आवळा. एवढ्यानेही भागले नाही, तर डोक्यातल्या पातळ पट्टीच्या झडपा, गॅस्केट किंवा दट्ट्याच्या रिंगा झिजल्या असतील.

यंत्र बंद झाल्यावरही प्रेशर स्विचपाशी सुस्कारा चालूच राहतो : बंद होताना क्षणभर ‘फुस्स’ आवाज येणे चांगलेच. पुढच्या वेळी मोटारीला सुरुवातीला जोर पडू नये म्हणून ती हवा सोडलेली असते. पण तो आवाज थांबतच नसेल तर टाकीकडची एकतर्फी झडप कचऱ्याने अडकली आहे. टाकी रिकामी करून ती काढावी, साफ करावी किंवा बदलावी.

हवेतून तेल येते : तेल जास्त भरले असेल किंवा रिंगा झिजल्या असतील. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. ते लगेच बदला. तेल कॉम्प्रेसरचेच घाला, पुस्तिकेत सांगितलेल्या नंबरचे. स्कूटरचे उरलेले तेल ओतण्याची काटकसर महागात पडते. ‘ऑइल-फ्री’ यंत्रात तर तेल मुळीच घालायचे नसते.

एक गोष्ट मात्र आजार समजू नका. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा जवळपास एक दशांशाने विरळ. त्यामुळे मुंबईहून बदलीत आणलेले तेच यंत्र इथे टाकी भरायला थोडा अधिक वेळ घेते. यंत्र बिचारे ठीक असते.

दुरुस्ती कुठवर?

फिल्टर, तेल, नळी, गेज, सांधे, एकतर्फी झडप यांची कामे घरी जमण्यासारखी आहेत. सुटे भाग शोधायला बेंगळुरूकर एस. पी. रोडच्या गल्ल्या पालथ्या घालतात. तिथे जाताना जुना भाग आणि यंत्रावरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर बरोबर न्यावा, म्हणजे ‘असाच हवा होता’ म्हणून दोनदा खेटे घालावे लागत नाहीत.

दोन गोष्टींना मात्र हात लावू नका. पहिली, टाकी. तिला भोक पडले तर लुकण लावणे नको, कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून ठिगळ नको. एका ठिकाणी भोक पडले म्हणजे आजूबाजूचा पत्राही तितकाच पातळ झालेला असतो. जुन्या टाकीबद्दल शंका असेल तर पाण्याच्या दाबाने तिची चाचणी करून देणाऱ्यांकडे न्यावी. पाणी फारसे दाबले जात नाही, म्हणून चाचणीत टाकी फाटली तरी स्फोट होत नाही. दुसरी गोष्ट, सेफ्टी व्हॉल्व्ह. तो गळतो म्हणून त्याच्या जागी बोल्ट ठोकणारे महाभाग असतात. प्रेशर कुकरची शिटी आणि सेफ्टी प्लग बंद करून कोणी कुकर गॅसवर ठेवील काय? व्हॉल्व्ह गळत असेल तर त्याच दाबाचा नवा बसवा. अधूनमधून डोळ्यांना चष्मा लावून त्याची कडी किंचित ओढावी. हवा सुटून तो पुन्हा नीट बंद झाला पाहिजे.

हवा म्हणजे खेळणे नव्हे

मोटारीच्या चाकाला ३० ते ३५ पौंड हवा पुरते. भरलेल्या टाकीत तिच्या तिप्पटीहून जास्त, सुमारे ११६ पौंड दाब असतो. त्या झोताने अंगावरची धूळ उडवणे, मुलांच्या केसांत किंवा कानाशी हवा मारणे ही गंमत नाही. त्याने डोळा जाऊ शकतो, कानाचा पडदा फाटू शकतो, जखमेतून हवा रक्तात शिरू शकते. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूतच दुचाकी दुरुस्तीच्या एका ठिकाणी मित्रामित्रांच्या थट्टेत हवेचा जोरदार झोत शरीरात सोडला गेला, आतड्यांना इजा झाली आणि २४ वर्षांच्या एका तरुणाला प्राण गमवावे लागले. घरातल्या मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवे.

वेळापत्रक अवघड नाही. प्रत्येक वापरानंतर पाणी काढणे, वापरण्याआधी तेलाची पातळी पाहणे, महिन्यातून एकदा फिल्टर झटकणे आणि सांध्यांना साबणाचे पाणी लावणे, पावसाळा संपल्यावर नट-बोल्ट, नळी आणि वायर तपासणे. सलग चालवताना यंत्राला मधूनमधून निवू द्यावे. कॅलेंडरवर गॅस सिलिंडर लावल्याची तारीख आपण लिहितोच, तिच्याच शेजारी कॉम्प्रेसरचे तेल बदलल्याची तारीखही लिहून ठेवा.